दत्तक म्हणजे 'घेतलेलं' की घरचं? (रोमकरांस पत्र, अध्याय ८ आणि आमची धाकटी)

मोसंबीबाग (जालना)

सर्वांना सलाम. धागा धर्माचा आहे, पण सुरुवात घरातून करतो.

आमच्या धाकटीला आता आठवं लागलंय. चार वर्षांची असताना ती आमच्याकडं आली, 'कारा'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेकडं, नाव नोंदवून, रीतसर. मोठा मुलगा पोटचा. गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत समोरच्या बाईनं शेजारणीला विचारलं, "ही यांची स्वतःची का घेतलेली?" हळू बोलल्याचं त्यांना वाटलं असावं. पोरगी तिथं काही बोलली नाही, मुकाट्यानं जिलबी खाल्ली. घरी येताना गाडीवर माझ्या पाठीला चिकटून म्हणाली, "बाबा, घेतलेली म्हणजे दुकानातून?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्याच रविवारी उपासनेत बायबलातल्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा, आठवा अध्याय होता. दासपणाचा आत्मा नव्हे, दत्तकपणाचा आत्मा मिळाला, आणि त्याच्यामुळं आपण देवाला 'अब्बा, बापा' म्हणतो. पाळकसाहेबांनी देवाच्या घराण्यातल्या माणसाचे हक्क एकेक करून सांगितले: पित्याजवळ थेट जाता येतं, प्रार्थना ऐकली जाते, ख्रिस्ताबरोबर वारसा मिळतो, चुकलं तर शिस्त लागते पण घराबाहेर काढत नाहीत. संदेश चांगला होता. पण शेजारी बसलेली माझी आई पुटपुटली, "दत्तक कामून म्हणायचं? नुसतं लेकरू म्हणावं की." आई सहावी शिकलेली. पण माझा प्रश्न तिनं एका वाक्यात मांडला.

मराठीत दत्तक म्हटलं की पुढं एक न बोललेलं 'पण' असतंच. 'दत्तक आहे, पण जीव लावतात.' मग पौलानं सगळ्या नात्यांतून हेच नातं का निवडलं? आणि देवाच्या घरातले आपले हक्क खरे, की तेही असे 'पण'वाले?

एक गोष्ट मला स्वतःला सुचली, ती लिहितो. मूल घरी येतं तेव्हा दत्तकाचा कायदेशीर आदेश लगेच होत नाही. आधी दत्तकपूर्व संगोपन असतं. मूल तुमच्या घरात राहतं, तुमच्या ताटात जेवतं, पण कागद कलेक्टर ऑफिसात असतो. आमचे असे साडेतीन महिने गेले. तिसऱ्या आठवड्यात ती मला बाबा म्हणाली. आदेश आला त्याच्या कितीतरी नंतर. आता गंमत बघा. त्याच अध्यायात पौल पंधराव्या ओवीत म्हणतो, दत्तकपण मिळालंय. आणि तेविसाव्या ओवीत म्हणतो, आपण दत्तकपणाची वाट पाहत कण्हतो. मिळालंय तर वाट कशाची? लहानपणापासून मला वाटायचं इथं पौलाचा घोळ झालाय. त्या साडेतीन महिन्यांनंतर तसं वाटत नाही.

जाणकारांनी लिहावं. चिडवायला येणाऱ्यांनी जरा लांबच राहावं.

---

कायद्याचा_किडा

'पण' तुमच्या आईच्या मनातला नाही, तो कायद्यातच होता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी जोडप्याला मूल घ्यायचं तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जावं लागे. त्यात तुम्ही आई-बाप होत नव्हता, पालक होत होता. मूल सज्ञान झालं की पालकत्व संपलं. वारसाहक्क आपोआप नाही, मृत्युपत्र करून ठेवा. म्हणजे ज्या धर्माच्या ग्रंथात दत्तकपण इतकं मध्यवर्ती, त्याच धर्माच्या माणसाला भारतात दत्तक घेता येत नव्हतं.

बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ च्या दुरुस्तीनं वाट स्पष्ट झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुठल्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली दत्तक घेऊ शकते. सध्याचा कायदा २०१५ चा. त्यातलं ६३ वं कलम वाचा. आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत, मृत्युपत्र नसतानाच्या वारशासकट, जणू त्या आई-बापांच्या पोटीच जन्मलं असं धरायचं. 'जणू जन्मलं'. आधीच्या घराशी कायद्याचं नातं तुटतं. जन्मदाखला नवा निघतो, त्यावर तुमची नावं.

बायबल मी फार वाचलेलं नाही. पण तुमचा पौल आणि ६३ वं कलम यांची भाषा बरीच जुळते.

---

दगडी_चर्च

किडासाहेब, जन्मदाखल्याचं भारी सांगितलंत. शुभवर्तमान लिहिणारा योहान 'देवापासून जन्मलेले' म्हणतो, पौल 'दत्तक' म्हणतो. आमच्या बायबल अभ्यासात यावरून दोन तट पडायचे. नव्या जन्मदाखल्यात दोन्ही एकाच कागदावर आलं की!

मूळ प्रश्नाकडे. पौलानं हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास रोममधल्या लोकांना लिहिलं. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. हा नीरो आधीच्या सम्राटाचा, क्लौडियसचा, पोटचा मुलगा नव्हे. इ.स. ५० मध्ये क्लौडियसनं त्याला दत्तक घेतलं. स्वतःचा पोटचा मुलगा ब्रिटानिकस हयात असताना! आणि राज्य दत्तकाला मिळालं. त्याआधी टिबेरियसही ऑगस्टसचा दत्तक, आणि ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरचा, तोही मृत्युपत्रातून. म्हणजे ज्यांच्यासाठी पत्र लिहिलं त्यांच्या कानाला 'दत्तक' शब्द 'बिचारं' असा ऐकू येत नव्हता. 'वारस' असा ऐकू येत होता. 'पण' आपल्याकडचा आहे, मोसंबीबाग. पौलाचा नाही.

शिवाय रोममध्ये दत्तक घेतलं की जुनी सगळी कर्जं माफ. पापाच्या कर्जाचा दाखला इथूनच देतात.

---

कायद्याचा_किडा

कर्जाचं जरा जपून सांगा. स्वतंत्र माणूस दत्तक गेला तर जुन्या रोमन कायद्यानं त्याची कर्जं बुडायची, हे खरं. पण त्यामुळं सावकार बुडायला लागले म्हणून प्रेटरनं, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्यानं, त्यांना दाद मागायची सोय करून दिली. गायस या रोमन कायदेपंडितानं लिहून ठेवलंय. व्यासपीठावरून दाखला द्यायचा तर अर्धाच देऊ नका.

---

दगडी_चर्च

वीस वर्षं हा दाखला देतोय. आता बंद.

---

सालगड्याचा_नातू (सेलू)

माझा आजोबा सालगडी होता, म्हणून मला बापाकडून वाटा घेऊन तो उडवणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट (लूक १५) वेगळी लागते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाडव्याला साल ठरतं. धान्य किती, पैसे किती, कपडे किती. वर्षभर मालकाच्या वाड्यात राबायचं, गोठ्यात झोपायचं. पुढच्या पाडव्याला पटलं तर पुन्हा, नाही तर बोचकं उचलायचं. आजोबा एकाच वाड्यात एकोणीस सालं राहिला. विसाव्या पाडव्याला मालकाच्या मुलानं सांगितलं, ट्रॅक्टर घेतलाय.

आता गोष्टीतला तो उधळा मुलगा. डुकरांच्या शेंगा तरी खायला मिळाव्यात म्हणून तरसत असताना घरी जाऊन काय बोलायचं ते तो पाठ करतो. तीन वाक्यं. मी पाप केलंय. तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही. मला एक मोलकरी ठेव. आमच्या भाषेत, मला सालानं ठेव. आणि घरी पोचल्यावर पहिली दोनच वाक्यं बोलतो. तिसऱ्याच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. तिसरं वाक्य बापानं बोलूच दिलं नाही.

सालगड्याला सगळं हिशेबानं मिळतं, कमी नाही. पण तो पाडव्यापर्यंतच. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो, दास घरात सदा राहत नाही, पुत्र सदा राहतो. आजोबा ही ओवी ऐकली की मान हलवायचा. बाकी प्रवचनात झोपायचा.

हक्कांची यादी मला सांगू नका. पाडव्याची धास्ती गेली, एवढाच हक्क मला कळतो.

---

मोसंबीबाग

वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

---

पैठण_वाळवंट

मी वारकरी घरातला. वाद घालायला आलो नाही, शंका आहे. आम्ही म्हणतो सगळी त्याचीच लेकरं. नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर उचलून घरी पोचवलं, ही गोष्ट आमच्याकडं लहानपणीच कानावर पडते. तिथं दाखला, साक्षीदार, आदेश काही नव्हतं. मग तुमच्याकडं 'घराण्यात येणं' वेगळं कशाला लागतं? सगळे आधीच घरात नाहीत का?

---

दगडी_चर्च

नमस्कार पैठणकर. नाथांची गोष्ट आमच्याही घरी सांगतात.

पौल अथेन्सला बोलताना सगळ्या माणसांना देवाचा वंश म्हणतो, प्रेषितांची कृत्ये अध्याय १७. तेही गैरख्रिस्ती लोकांसमोर, त्यांच्याच कवीचं वचन घेऊन. म्हणजे निर्माता म्हणून देव सगळ्यांचाच बाप, हे आम्हीही नाकारत नाही. पण योहान १:१२ म्हणतो की ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा *अधिकार* दिला. जे आधीच आहे त्याचा अधिकार कशाला द्यावा लागेल? आमची समजूत अशी: मूळ घर तुटलंय, माणूस स्वतःहून बाहेर पडलाय, आणि परत येण्याची वाट पोटच्या मुलानं, ख्रिस्तानं, स्वतःच्या खर्चानं उघडली. तुमची समजूत वेगळी आहे, राहो. फरक लपवून गोड बोलण्यापेक्षा हे बरं.

---

पैठण_वाळवंट

पटलं असं नाही. कळलं. धन्यवाद.

---

निळी_शाई

वारशाबद्दल मराठी बायबलात शब्द कोणता आहे बघितलात का? वतन. अविनाशी, निर्मळ, अक्षय वतन. पेत्राचं पहिलं पत्र, पहिला अध्याय.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावचं वतन सोडायला. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन रात्री-बेरात्री पळायचं, वेशीवर उभं राहायचं, आणि बदल्यात शिळं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, इथं ते लागूही नव्हतं. आजी सांगायची, पणजोबांनी पहिल्यांदा ही ओवी ऐकली तेव्हा विचारलं, "स्वर्गातबी वतनच?" भाषांतर करणाऱ्यांच्या मनात पाटीलकीचं वतन असेल. आमच्या मनात दुसरं.

तरी शब्द मी आता टाकत नाही. गावचं वतन जन्मानं चिकटायचं आणि राबवून घ्यायचं. हे वतन जन्मानं नाही, आणि राबण्याच्या बदल्यातही नाही. नाव एकच, बाकी सगळं उलटं. पणजोबांनाही पुढं तसंच वाटलं असावं, कारण ती ओवी त्यांच्या बायबलात शाईनं अधोरेखित आहे.

आता कडू बोलतो. देवाच्या घराण्यात सगळे भाऊबहीण, हे व्यासपीठावर. सोयरीक जमवताना मात्र 'मूळचे कोण?' हे अजून विचारतात. आणि सरकारदरबारी १९५० च्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला नाही. म्हणजे घराण्यात आल्याची किंमत आम्ही इथं मोजतोच आहोत. निदान घरातल्यांनी तरी पंगत वेगळी मांडू नये.

---

फक्त_आशीर्वाद

इतका जड विचार कशाला? आपण राजांच्या राजाची मुलं! राजाच्या मुलानं भिकाऱ्यासारखं का राहायचं? विश्वासानं मागा, घर, गाडी, नोकरी, सगळं तुमच्या नावावर आहे. मी स्वतः अनुभव घेतलाय.

---

सालगड्याचा_नातू (सेलू)

२०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा आमच्या मंडळीतल्या सगळ्यात प्रार्थनाशील म्हातारीचा गहू आडवा झाला. शेजारच्या दारुड्याचाही झाला. गारांनी सभासद यादी बघितली नाही.

---

दगडी_चर्च

आशीर्वाद भाऊ, 'ख्रिस्ताबरोबर सहवारस' ही ओवी तिथं संपत नाही. पुढं लगेच येतं, त्याच्याबरोबर दुःख सोसत असलो तर. हे 'तर' आपण फ्रेममध्ये छापत नाही. आणि आपण अब्बा हा शब्द फार लाडानं वापरतो, पण मार्कच्या शुभवर्तमानात येशू तो क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत वापरतो. 'अब्बा, हा प्याला माझ्यापासून दूर कर.' प्याला दूर झाला नाही. पोटच्या मुलाचं हे, तर दत्तकांनी कुठली हमी मागायची?

मागू नका असं नाही म्हणत. मागावं. बापाकडं मागायचं नाही तर कुणाकडं?

---

उदगीरची_लेक

पुरुष मंडळी वारसा वारसा करताहेत म्हणून लिहिते.

पौल 'पुत्र' म्हणतो आणि बायका मागच्या बाकावर बसून ऐकतात. आधी मला याचा राग यायचा. मग एका भगिनींनी समजावलं की त्या काळी वारसा मुलाकडं जायचा, म्हणून बायकांनाही 'पुत्र' म्हणणं म्हणजे त्यांनाही पूर्ण वाटा देणं. गलतीकरांस पत्रात त्याच दमात स्त्री-पुरुष भेद नाही असं लिहिलंय.

बरं, वाटा मिळणं वेगळं आणि घेणं वेगळं. १९२५ च्या वारसा कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा. देशभरच्या सगळ्या हिंदू मुलींना वडिलोपार्जितात बरोबरीचा हक्क यायला २००५ उजाडलं. आम्ही ऐंशी वर्षं पुढं! आणि तरी आम्ही तिघी बहिणींनी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन भावाला हक्कसोड लिहून दिली. का, तर माहेर तुटू नये. भावानं एकेक साडी दिली. सातबाऱ्यावरून नाव गेलं.

म्हणून एसावाची गोष्ट मला फार टोचते. मसुरीच्या वरणासाठी त्यानं ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्या भावाला दिला. तीही हक्कसोडच. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात त्याचं नाव येतं, बापाच्या शिस्तीबद्दल सांगून झाल्यावर थोड्याच ओव्यांनी. देवाचे हक्क आपल्याकडून कुणी काढून घेत नाही हो. आपणच सही करून देतो. कुणी लायक नाही म्हणून, कुणी लोक काय म्हणतील म्हणून. प्रार्थना पाळकांनीच करायची, आपण आमेन म्हणायचं, हीपण सहीच.

मोसंबीबाग, लेकीला सातबारा वाचायला आत्ताच शिकवा.

---

इसारपावती

वतनावरून आठवलं. इफिसकरांस पत्र १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला वतनाचा 'विसार' म्हटलंय. आपल्याकडं इसार. मी जमिनीच्या व्यवहारातला माणूस (नावावरून कळलंच असेल). इसार म्हणजे नुसता शब्द नाही, रकमेचाच एक भाग. खरेदीखत व्हायचंय, ताबा मिळायचाय, पण त्याच मालातली काही रक्कम हातात आलेली. मूळ ग्रीक शब्दही बाजारातलाच आहे.

धागाकर्त्याच्या पंधराव्या आणि तेविसाव्या ओवीचं कोडं इथं सुटतं असं मला वाटतं. इसार झालाय. खरेदीखत बाकी. फरक एवढाच की आमच्या धंद्यात देणारा कधीकधी पलटतो.

---

बेथेल_रोड

जालन्याचा धागा आणि नारायण शेषाद्रींचं नाव नाही? शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागं मिशनऱ्यांकडं गेला. तो अज्ञान असल्यानं कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबईत रण माजलं, बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांत होते. एक भाऊ आत, एक बाहेर. पुढं याच नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. ज्याचं स्वतःचं घर असं तुटलं त्यानं गावाला हे नाव दिलं, यावर मी अधूनमधून विचार करतो.

मार्क १०:२९-३० वाचा. माझ्यासाठी जो घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडील त्याला शंभरपट मिळतील: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. सोडलेल्यांच्या यादीत बाप आहे. मिळणाऱ्यांच्या यादीत नाही. बाप शंभर मिळत नाहीत. आणि हो, त्याच यादीत 'छळ' पण आहे.

---

कटकटगेट

माझा या धाग्याशी संबंध नाही, मी मुसलमान. पण वरून खालपर्यंत वाचला. तुम्ही लोक 'अब्बा'वर इतकं लिहिताय म्हणून सांगतो, माझ्या दोन्ही पोरी मला अब्बाच म्हणतात. बहुतेक वेळा मोबाईल मागताना.

लेकीला दुवा.

---

मोसंबीबाग

सगळ्यांचे आभार. हक्कसोडवाल्या ताईंचे जास्त.

काल रात्री धाकटीला तिचा जन्मदाखला दाखवला. तिनं स्वतःचं नाव वाचलं, मग आईचं, मग माझं, अक्षरं जोडत. "यावर घेतलेली लिहिलं नाही," म्हणाली. नाही लिहिलं म्हटलं. मग तिनं दादाचा दाखला मागितला, दोन्ही शेजारी ठेवले आणि शिक्का कुणाचा मोठा ते बघितलं. तिचा मोठा निघाला. दादाला उठवून सांगितलं.

सकाळी रोमकरांस पत्रातली ओवी वाचून दाखवली. अब्बापाशी तिनं थांबवलं. समोरच्या गल्लीतली तिची मैत्रीण वडलांना तसंच म्हणते. "मग येशू उर्दू बोलायचा?" अरामी म्हणून एक भाषा होती, अरबीची चुलत बहीण, असं सांगायला घेतलं, तेवढ्यात शाळेची रिक्षा आली.